परत आलेली भेट

वाचकाचे पत्र, थोडक्यात: एका धर्मग्रामातील (पॅरिशमधील) भगिनी काही वर्षांपासून आगमनकाळातील, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळातील, सेवाकार्याची जबाबदारी सांभाळत आहेत. पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चच्या दाराशी एक झाड उभे केले जाते आणि त्यावर कागदी चिठ्ठ्या टांगल्या जातात. प्रत्येक चिठ्ठीवर गरजू कुटुंबातील एका मुलाचे वय आणि त्याला हवी असलेली वस्तू लिहिलेली असते. ज्याला जमेल त्याने चिठ्ठी न्यायची आणि वस्तू रंगीत कागदात बांधून आणून द्यायची. चौथ्या रविवारी या भेटी वेदीसमोर मांडल्या जातात, त्यांवर आशीर्वाद मागितला जातो आणि मग त्या घरोघर पोचवल्या जातात. गेल्या वर्षी एका आईने भेट दारातूनच परत केली. ‘आम्ही वर्षभर तुमच्या मागच्याच बाकावर बसतो. नाताळ आला की मगच आम्ही दिसतो का?’ एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून समितीत वाद आहे. काहींना वाटते, लोकांना केलेल्याची किंमत नाही. काही म्हणतात, यापुढे पैसे गोळा करून बाहेरच्या एखाद्या संस्थेला द्यावेत. धर्मगुरूंचा विचार असा की या वर्षी उपक्रम कमी करून मनन आणि प्रार्थनेला अधिक वेळ द्यावा. पत्रलेखिका स्वतः थकल्या आहेत. आगमनकाळाचे चार आठवडे याद्या आणि पिशव्या यांतच सरतात, शांत बसून प्रार्थना होत नाही, अशी खंत त्यांनी लिहिली आहे. मनन आणि दान यांत कशाला प्राधान्य द्यावे आणि आपण ही जबाबदारी सोडावी का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. त्या आईचे शब्द तुम्ही जसेच्या तसे लिहिलेत, त्यांना स्वतःच्या रागाचा किंवा समर्थनाचा रंग दिला नाही. वर्षभर एखादे वाक्य मनात सलत राहूनही ते न बदलता सांगता येणे, याचा अर्थ तुम्ही ते ऐकले आहे. समितीने ते अजून ऐकलेले दिसत नाही, आणि वादाचे मूळ मला तिथेच दिसते.

तिने मदत नाकारली, असे सगळे गृहीत धरून चालले आहेत. तिचे वाक्य पुन्हा एकदा पाहा. वस्तू नको आहे किंवा ती चांगली नाही, असे त्यात कुठेही नाही. आम्हाला गरज नाही, असेही ती म्हणालेली नाही. तिची तक्रार बाकाबद्दल आहे. एकाच वेदीसमोर वर्षभर शेजारी गुडघे टेकणाऱ्या माणसांनी एकमेकांची नावेही विचारली नाहीत आणि डिसेंबरमध्ये मात्र एकजण दाराच्या आत व दुसरा दाराच्या बाहेर पिशवी घेऊन उभा राहिला, हे तिला सहन झाले नाही. तिने पिशवी परत केली, कारण त्या क्षणी नाकारता येण्यासारखे तिच्या हातात तेवढेच होते.

‘लोकांना किंमत नाही’ हे म्हणणे मी माणसाच्या थकव्याचे समजते, म्हणून त्या सदस्यांना दोष देत नाही. पण ते तसेच सोडूनही देता येणार नाही. चौथ्या शतकातील संत बेसिल यांनी आपल्या प्रवचनात सांगितले होते की, आपण साठवून ठेवलेली भाकर भुकेल्याची असते आणि पेटीत ठेवलेले वस्त्र उघड्याचे असते. हे मनापासून मानले, तर देणारा जे देतो ते बऱ्याच अंशी परत करत असतो. मग समोरच्याने आभार मानले तर तो त्याचा मोठेपणा आहे आणि मानले नाहीत तरी आपले काही येणे बाकी राहत नाही. आपल्या धर्मग्रामात ही गोष्ट व्यासपीठावरून अनेकदा सांगितली जाते, परंतु वाटपाच्या दिवशी आपला चेहरा अजूनही पोचपावतीची वाट पाहत असतो.

याहून खोल असा एक समज या साऱ्या व्यवस्थेत दडलेला आहे आणि माझे मुख्य म्हणणे त्याविषयी आहे. धर्मग्रामात काही कुटुंबे देणारी असतात आणि काही घेणारी, असे आपण धरून चालतो आणि एकदा यादी तयार झाली की ती भिंतीसारखी उभी राहते. आगमनकाळाला ही विभागणी मुळीच मानवत नाही, कारण या काळात सगळेच घेणारे असतात. ख्रिस्ताचे येणे कोणत्याही समितीने घडवून आणलेले नाही. ते आपल्याला दिले गेले. येशूच्या आईकडे, मरियेकडे पाहा. देवदूताचा निरोप मिळाल्यावर ती घाईने डोंगराळ प्रदेशातील एलिझाबेथच्या घरी गेली आणि सुमारे तीन महिने तिथे राहिली. म्हातारपणी गरोदर राहिलेल्या नातलगीला हात द्यायला ती गेली, असे आपण मानत आलो आहोत; पण लूकच्या शुभवर्तमानात तिने तिथे काय काम केले याचा उल्लेखही नाही. उंबरठ्यावर मिळाला तो तिलाच आशीर्वाद, आणि तोही तिच्याहून वयाने मोठ्या, तिच्या मदतीची गरज असलेल्या स्त्रीकडून. त्यानंतर तिच्या तोंडून जे स्तोत्र निघाले, त्यात देव भुकेलेल्यांना तृप्त करतो आणि श्रीमंतांना रिकाम्या हाताने परत पाठवतो, असे शब्द आहेत. तुमच्या समितीने या वर्षीची पहिली बैठक हा उतारा वाचून सुरू करावी आणि वाचून झाल्यावर लगेच कामाच्या यादीकडे वळू नये.

संत पौल यांनी करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही हेच आहे. यरुशलेमच्या गरजवंतांसाठी वर्गणी मागताना ते म्हणतात की, आज तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागावी आणि उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची, म्हणजे समानता राहील. प्रत्येक कुटुंबाजवळ द्यायला काहीतरी आहे आणि घ्यायला काहीतरी हवे आहे, हे पौल गृहीत धरतात. तुमच्या झाडावरील चिठ्ठ्यांत अर्धीच बाजू लिहिली जाते.

त्या चिठ्ठ्यांविषयीही बोलायला हवे. ‘मुलगी, वय 9, शाळेचे दप्तर.’ नाव नाही, म्हणून गुप्तता पाळली गेली असे आपण समजतो. पण लहान धर्मग्रामात नऊ वर्षांच्या मुली किती असणार? धर्मशिक्षणाच्या वर्गात एकीकडे जुने, शिवलेले दप्तर आहे हे सगळ्या मुलींना ठाऊक असते. तीच मुलगी आईबरोबर मिस्सेला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, येताना दाराशी ते झाड पाहते, स्वतःची चिठ्ठी ओळखते आणि ती अजून कुणी नेलेली नाही हेही पाहते. पुढच्या रविवारीही चिठ्ठी तिथेच असते. देणाऱ्यांच्या दृष्टीने ती सुंदर सजावट आहे, परंतु तिच्यासाठी तो फलक आहे. तुमच्या हेतूवर मला तिळमात्र शंका नाही. तरी ही पद्धत या वर्षीच बदला, असे मी आग्रहाने सांगेन.

बदल अवघड नाही. चिठ्ठीवर मूल आणि वय न लिहिता केवळ वस्तू लिहावी, आणि धर्मग्रामातील सर्वच कुटुंबांच्या गरजांसाठी एकत्र साठा करावा. मग एका संध्याकाळी चर्चच्या सभागृहात त्या वस्तू मांडून ठेवाव्यात, आईवडिलांनी यावे आणि आपल्या मुलांसाठी स्वतः निवड करावी. वस्तू न बांधता ठेवाव्यात. रंगीत कागद, दोरी आणि कात्री शेजारच्या टेबलावर असावी, म्हणजे बांधणीही त्यांच्याच हातची होईल. नाताळच्या सकाळी मुलाला भेट समितीकडून मिळणार नाही, ती त्याच्या आईकडून आणि बापाकडून मिळेल. मुलाच्या नजरेत आईबाप देणारे ठरतात, आणि माझ्या मते दप्तराहून ही भेट मोठी आहे. वाटपाचे फोटो काढण्याची पद्धत असेल तर ती पूर्णपणे बंद करा. उजवा हात काय देतो हे डाव्या हाताला कळू नये, असे येशूने मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, आणि फोटो तर साऱ्या गावाला कळवतो.

आता धर्मगुरूंच्या सूचनेविषयी. मनन वाढावे ही त्यांची इच्छा योग्य आहे आणि तुमची खंतही तीच आहे, त्यामुळे तुम्ही दोघे परस्परविरुद्ध बाजूंना आहात असे मला वाटत नाही. अडचण आहे ती मनन आणि दान ही दोन वेगळी खाती समजण्यात, जणू एकाचा वेळ काढून दुसऱ्याला द्यावा लागतो. दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन यांनी ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना, प्रभुभोजन आणि त्याबरोबरच ऐपतीप्रमाणे दिलेले दान येते. ते दान अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातील माणसे आणि परके यांच्यासाठी असे. दान हे उपासनेनंतरचे काम नव्हते, ते उपासनेतच होते. संत योहान ख्रिसोस्तोम यांनी तर स्पष्टच सांगितले की, चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशमी वस्त्रांनी सजवायचे आणि बाहेर थंडीने कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवायची, हे चालणार नाही. मात्र वेदीला अर्पण करू नका, असेही आपण म्हणत नाही, हे त्यांनी लगेच जोडले. तेव्हा फादरांना असे विचारून पाहा की, उपक्रम कमी करण्याऐवजी तो लवकर संपवता येईल का?

कारण तुमच्या थकव्याचे मोठे कारण वेळापत्रकात आहे. चौथ्या रविवारी भेटी वेदीसमोर मांडून मग वाटायच्या, म्हणजे सगळी धावपळ अगदी शेवटच्या दिवसांत येते. ज्या वर्षी नाताळ सोमवारी असतो त्या वर्षी चौथा रविवार हाच 24 डिसेंबर असतो. चर्चचे उपासना वर्ष याहून शहाणपणाने रचलेले आहे. आगमनकाळाच्या पहिल्या भागात, 16 डिसेंबरपर्यंत, वाचने आपल्याला प्रभूच्या पुनरागमनाची आठवण देऊन जागे करतात, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या तोंडून वाट सरळ करायला सांगतात. 17 डिसेंबरपासून सूर बदलतो आणि मन थेट जन्माच्या रहस्याकडे वळते. हीच विभागणी तुमच्या कामाला लावा. हाताचे काम पहिल्या भागात आटोपावे आणि 17 तारखेनंतर समितीने एकही पिशवी उचलू नये.

गरजा समजून घेण्याचे काम आगमनकाळापूर्वीच सुरू करता येईल. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये गरिबांचा जागतिक दिन जाहीर केला आणि 2017 पासून तो सामान्यकाळाच्या तेहतिसाव्या रविवारी, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या बरोबर दोन आठवडे आधी पाळला जातो. त्या रविवारी मिस्सेनंतर गरज सांगण्यासाठी आणि आपल्याजवळ काय देता येईल हे सांगण्यासाठी एकच कागद सर्वांना द्यावा. सर्वांना, यादीतील कुटुंबांनाही आणि समितीच्या सदस्यांनाही. कागदाच्या एका बाजूला ‘आमच्या घरी याची गरज आहे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आम्ही हे देऊ शकतो’ असे असावे. कुणाला वृद्ध आईजवळ दोन तास बसणारे माणूस हवे असेल, कुणी शिवणकाम करून देईल, कुणी मुलांना गणित शिकवील, एखादा आजारी माणूस रोज एखाद्या कुटुंबासाठी प्रार्थना करण्याचे लिहील आणि ते मुळीच लहान दान नाही. कागद बंद पाकिटात फादरांकडे जावेत आणि गरजेची बाजू त्यांच्याशिवाय फार तर एका विश्वासू व्यक्तीनेच वाचावी. पहिल्या दोन रविवारी वस्तू गोळा कराव्यात आणि तिसऱ्या, आनंदाच्या रविवारपूर्वी सभागृहातील निवडीची संध्याकाळ ठेवावी. चर्चच्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात लूकच्या शुभवर्तमानाचे वर्ष असते तेव्हा त्याच रविवारी लोक योहानाला विचारतात, ‘मग आम्ही काय करावे?’ आणि तो सांगतो की, ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एकही नसलेल्याला एक द्यावा. हे वाचन ऐकताना तुमच्या धर्मग्रामाने ते नुकतेच केलेले असेल.

बाहेरच्या संस्थेला पैसे देण्याच्या सूचनेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. अनेक संस्था आपल्यापेक्षा दूरवर आणि नीट पोचतात, आणि धर्मग्रामाने आपल्या सीमेबाहेरही पाहिले पाहिजे. पण या वेळी ती सूचना कशासाठी येत आहे, हे तपासून पाहा. दारातून परत येण्याचा अपमान पुन्हा नको, म्हणून दूरच्या अनोळखी माणसाला द्यावे असे वाटत असेल, तर मागच्या बाकावरचा प्रश्न तसाच राहतो. दुसरे असे की, या झाडाच्या नावाने लोकांनी आधीच काही पैसे दिले असतील तर ते परस्पर दुसरीकडे वळवता येत नाहीत. विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे, असा कॅथलिक धर्मसभेच्या 1983 च्या कायदेसंहितेतील 1267व्या कलमाचा नियम आहे. नव्याने आवाहन करायचे असल्यास हेतू आधी स्पष्ट जाहीर करावा आणि वर्षभराच्या गरजांसाठी रोख निधीही ठेवावा, कारण औषधे, घरभाडे आणि शाळेची फी यांना नाताळची वाट पाहता येत नाही. पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्रात सुचवलेली रीत अशा निधीला चांगली लागू पडते: प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे आयत्या वेळी वर्गणी गोळा करावी लागणार नाही.

त्या आईला तुम्ही भेटावे का, असे तुम्ही विचारलेले नाही, परंतु पत्राच्या ओळींमधून तो प्रश्न मला ऐकू येतो. भेटा. एकट्या जा, हातात काही नेऊ नका आणि समितीच्या वतीने बोलू नका. ‘तुमचे म्हणणे खरे होते आणि ते समजायला मला वेळ लागला,’ एवढे सांगितले तरी पुरे. तिने घरात बोलावले तर बसा, तिने पुढे केलेला चहा किंवा पाणी घ्या. आणि तिने बोलावले नाही तर तिचा निर्णय मान्य करून परत या. समितीत येण्याचे निमंत्रण त्याच भेटीत देऊ नका. ते लगेच दिले तर तिला गप्प करण्यासाठी पद देऊ केल्यासारखे वाटेल. काही आठवड्यांनी, बाकावर बोलणे होऊ लागल्यावर, विचारता येईल. पण एखादे आजवर ‘घेणारे’ समजले गेलेले कुटुंब समितीत नसताना पुढच्या वर्षीचे काम आखू नये, याबाबत ठाम राहा.

उपासनेतही हा बदल दिसला पाहिजे. मेणबत्त्यांचे आगमनचक्र आज चर्चमध्ये सर्वांना परिचित आहे, पण त्याचा आरंभ एका गरीब मुलांच्या घरात झाला, हे फारसे सांगितले जात नाही. योहान हिन्रिक विखेर्न या प्रोटेस्टंट धर्मसेवकाने 1839 मध्ये हॅम्बुर्ग येथील निराधार मुलांच्या आश्रमात लाकडी चक्रावर रोजच्या लहान लाल आणि रविवारच्या मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या, कारण नाताळ किती दिवसांवर आला हे मुले सारखी विचारत असत. ज्या मुलांसाठी हे चक्र बनले तशाच मुलांना आपण आज त्यापासून दूर, शेवटच्या बाकावर ठेवतो. तुमच्याकडे दर रविवारी मेणबत्ती कोण पेटवते? अर्पणाच्या मिरवणुकीत भाकर आणि द्राक्षारस कोण आणते, पहिले वाचन कोण करते? ही नावे अनेक वर्षे त्याच त्या घरांतून येत असतील, तर या वर्षी ती क्रमवारीने सर्व कुटुंबांना विचारून ठरवा. यात एक काळजी घ्या: कोणालाही ‘गरजू कुटुंब’ म्हणून पुढे बोलावू नका, केवळ धर्मग्रामातील एक कुटुंब म्हणून बोलवा.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. जबाबदारी सोडावी का? आगमनकाळाच्या तोंडावर सोडू नका, पण या वर्षी ती एकटीने वाहू नका आणि पुढच्या वर्षापर्यंत ती दुसऱ्या कुणाकडे जाईल अशी तयारी आजपासून करा. आपण नसलो तर हे होणार नाही, असे वाटू लागणे हे चांगल्या माणसांवर येणारे संकट आहे, आणि त्यात प्रार्थना सर्वांत आधी बाजूला पडते. प्रत्येक बैठकीपूर्वी चर्चमध्ये दहा मिनिटे सर्वांनी मौन बसावे, असा नियम समितीला लावा. बैठक तेवढी लहान करा. प्रायश्चित्त संस्कारासाठी, म्हणजे पापांची कबुली द्यायला, नाताळच्या आदल्या दिवशीच्या रांगेत न थांबता पहिल्याच आठवड्यात जा. आणि वर सांगितलेल्या कागदाच्या गरजेच्या बाजूवर तुम्हीही प्रामाणिकपणे काहीतरी लिहा. कुणी एका रविवारी तुमच्या घरची जबाबदारी सांभाळली, तुमच्यासाठी जेवण केले, तर ते नम्रपणे स्वीकारा. वर्षानुवर्षे देत आलेल्या माणसाला हे जड जाते आणि ते का जड जाते, यावर या आगमनकाळात मनन करता येईल. त्या आईला दारात काय वाटले असेल, हेही मग तुम्हाला आतून कळू लागेल.

तुमच्यासारख्या स्थितीत असलेल्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट जोडते. काही मंडळ्यांत आगमनकाळ औपचारिकपणे पाळला जात नाही आणि कॅथलिक कायद्याची कलमे त्यांना लागू नाहीत. तरीही मुलांची ओळख उघड न करणे, पालकांना निवड देणे, काम लवकर आटोपणे आणि घेणाऱ्यांना कामाच्या आखणीत स्थान देणे, या चार गोष्टी कोणत्याही मंडळीत करता येतील. जिथे चिठ्ठ्यांचे झाड लोकांना फार प्रिय आहे, तिथे ते काढून टाकण्यावरून भांडण करू नका. त्यावर वस्तूंबरोबर वेळेच्या, सोबतीच्या आणि प्रार्थनेच्या चिठ्ठ्या लावा आणि त्या भरण्यासाठी सर्वांना बोलवा.

शेवटी जानेवारीचे काम. ज्ञानी लोक बाळ येशूला भेटायला आले त्याची आठवण करणाऱ्या प्रकटीकरणाच्या सणानंतरच्या एखाद्या रविवारी समितीने काय जमले, कशावर खर्च झाले आणि किती शिल्लक आहे याचा हिशेब लोकांसमोर वाचून दाखवावा. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, हेही त्याच कायदेसंहितेच्या 1287व्या कलमात आहे, आणि धर्मग्रामाची अर्थसमिती यात तुम्हाला मदत करू शकेल. हिशेबात कुटुंबांची नावे येऊ देऊ नका. त्याच दिवशी मिस्सेनंतर सर्वांना थांबवून दोनच प्रश्न विचारा: या वर्षी काय चांगले झाले आणि कुणाला कुठे लागले? उत्तरे लिहून घ्या, लगेच खुलासे देऊ नका, आणि निधीचा पहिला मासिक खर्च कोणत्या गरजेवर करायचा हे त्याच सभेत ठरवून घ्या.